मिशीवाली अक्षरे

मित्रांनो, तुम्ही मला हातात धरू शकणार नाही, पण वाचू नक्की शकाल. मी एक जुना, नक्षीदार फॉन्ट आहे. माझ्या प्रत्येक अक्षराला दुहेरी रेघ आहे, उजव्या बाजूला गडद सावली आहे आणि टोकाला पिळदार मिशी आहे. स्वभावाने मी जरा मिजासखोर आहे, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म काही संगणकात झाला नाही. एका पेंटरने मला लाकडी फळीवर रंगवले. चष्म्याचे एक नवे दुकान उघडायचे होते. मालक म्हणाले, "अशी पाटी करा, की चष्मा नसलेल्यालाही दुकान सापडलं पाहिजे." पेंटरने खडू माखलेली दोरी ताणून रेघा आखल्या, तीन दिवस श्वास रोखून ब्रश चालवला आणि मी जन्मलो. पाटी दारावर चढली तेव्हा समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग तोंडाला फेस लावलेले गिऱ्हाईक! त्या दिवसापासून लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, "त्या मिशीवाल्या अक्षरांपासून डावीकडे वळा." मग बेकरीवाला आला, फोटो स्टुडिओवाला आला, सायकलवाला आला. सगळ्यांना मीच हवा होतो. ती माझी ऐन भरातली वर्षे.

पुढे छापील प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. तासाभरात तयार, शिवाय आत दिवासुद्धा. एकेक करून मला सगळ्या दारांवरून उतरवले. चष्म्याच्या दुकानातली माझी फळी माळ्यावर गेली आणि तिच्यावर रिकामी खोकी रचली गेली. पेंटरने माझ्या अक्षरांचे नमुने काढलेले कागद गुंडाळून कपाटावर ठेवले आणि पुन्हा कधी त्यांचे नाव काढले नाही. मला फार वाईट वाटले. पेंटरना किती वाटले असेल, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

ती गुंडाळी खाली काढली त्यांच्या नातीने. ती वेबसाइट बनवते. धूळ झटकून तिने माझे एकेक अक्षर संगणकावर गिरवले. गिरवता गिरवता ती अडली.

"आजोबा, 'ज्ञ' कुठाय?"

"कुठल्याच दुकानाला लागला नाही गं," असे म्हणत आजोबांनी तिथल्या तिथे 'ज्ञ' काढून दिला. माझ्यातले सर्वांत देखणे अक्षर आज तेच आहे.

योगायोग पाहा, नातीला पहिले स्वतंत्र काम मिळाले ते त्याच चष्म्याच्या दुकानाचे. जुने मालक आता हयात नव्हते. त्यांची मुलगी दुकान चालवत होती, नात तिला काकू म्हणायची. नातीने मनाशी ठरवले, या वेबसाइटवर आजोबांचा मान राखायचा. म्हणून तिने मला दुकानाच्या नावात घातले, माहितीत घातले, फोन नंबरात, बटणांवर, अगदी तळाच्या बारीक ओळींतही घातले. मी तर हवेतच होतो. जिकडे पाहावे तिकडे मीच मी!

सोमवारी वेबसाइट सुरू झाली. गुरुवारपर्यंत तिच्यावरून एकाही माणसाने डोळे तपासायची वेळ घेतली नाही. शेवटी एक निवृत्त मास्तर तणतणत दुकानात शिरले. "अहो बाई, तुमचा नंबर वाचायला चष्मा हवा आणि चष्म्यासाठी तुमचा नंबर हवा. मी करू काय?"

काकूंनी लगेच नातीला फोन लावला. "अगं, ते मिशांचं प्रकरण काढून टाक सगळं. शनिवारपर्यंत वेबसाइट वाचता आली पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्या कोणाला तरी काम देते."

माझे तर धाबे दणाणले. पुन्हा माळा, पुन्हा कपाट! नात रडवेली होऊन आजोबांकडे गेली. "तुमची अक्षरं काढून टाकायला सांगतायत." आजोबांनी मोबाइल हातात घेतला, वर-खाली सरकवून पाहिला आणि ठसका लागेपर्यंत हसले.

"अगं वेडे, हे तर सगळे नवरदेवच! वऱ्हाडी कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"मी जन्मात कधी या अक्षरांत पत्ता लिहिला नाही. नाव तेवढं नटवायचं, आणि त्याच्याभोवती मोकळी जागा सोडायची. बाकी सगळं साधं, बिनमिशीचं."

"पण कागदांवर तर सगळी हीच अक्षरं होती!"

"साध्या अक्षरांना कागद कशाला लागतोय? ती हातातच होती. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

मग त्यांनी तिला मोबाइल हातभर लांब धरायला लावला आणि डोळे किलकिले करायला सांगितले. जे वाचता येईना, तिथून माझी हकालपट्टी. फोन नंबर गेला, बटणे गेली, माहिती गेली. खरे सांगतो, मला रागच आला. उरलो तो फक्त माथ्यावर, दुकानाच्या नावापुरता.

शनिवारी आजोबा आणि नात दुकानात गेले. मास्तर तपासणीच्या खुर्चीत बसले होते, बिनचष्म्याचे. काकूंनी नातीचा मोबाइल घेतला आणि थेट त्यांच्या हातात दिला. "वाचा."

मास्तरांनी हात लांब केला आणि ते थबकले. "अरेच्चा, ही मिशीवाली अक्षरं! माझा पहिला चष्मा मी याच पाटीखालून आत येऊन घेतला होता." मग त्यांनी फोन नंबर खणखणीत आवाजात म्हणून दाखवला, एकही आकडा न चुकता.

काकूंनी मोबाइल परत घेतला आणि त्या नावाकडे बघतच राहिल्या. "ही तर बाबांची पाटी," त्या म्हणाल्या. "आधी इतकी गर्दी होती, मला ओळखूच आली नाही." त्यांचे डोळे भरून आले. आजोबांनी खिशातून रुमाल काढला, पण तो त्यांना स्वतःलाच लागला.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पंधरा ठिकाणी असताना मला कोणी ओळखले नव्हते आणि एका जागी उभा राहताच दोघांनी ओळखले! पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी इतके लोक आले, की काकूंना बाहेर आणखी एक बाक टाकावे लागले. बेकरीवाल्याच्या सुनेचा फोन आला, सायकलवाल्याच्या मुलीचा आला. आज मी अकरा वेबसाइटच्या माथ्यावर छाती काढून उभा आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्ही कधी वेबसाइट केलीत तर मला जरूर बोलवा. पण जुन्या वस्तूवर जीव असेल तर तिला सगळीकडे कोंबू नका, तिला शोभेल अशी एक जागा द्या. आणि ती घडवणारी माणसे अजून आसपास असतील, तर नुसते कागद उघडू नका, त्यांना विचारा.

जाता जाता एक सांगतो. काकूंनी वेबसाइटवर एकच भर घालायला लावली. अगदी तळाशी, साध्या अक्षरांत, आजोबांचे पूर्ण नाव आणि पुढे दोन शब्द: 'अक्षरे यांची.' आयुष्यभर दुसऱ्यांची नावे नटवणाऱ्या माणसाचे नाव पहिल्यांदाच कुठेतरी लागले. त्या ओळीत मी कुठेच नाही, आणि सगळ्या वेबसाइटवर मला सर्वांत जास्त अभिमान तिचाच वाटतो.