भाजीखालची पुस्तकं

शपथ घालायची वेळ आली ती ओव्हनमुळे. शाहिंदा माहेरी आली होती. मासे भाजायला तिनं ओव्हन पेटवला आणि घरभर जळक्या पुठ्ठ्याचा वास सुटला. आत तिच्या आईनं, इन्शिराहनं, प्रवासवर्णनं रचून ठेवली होती.

"आई! ओव्हनमध्ये पुस्तकं?"

"मग कुठं ठेवू? कपाटं भरली, पलंगाखाली जागा नाही, न्हाणीघरात ओल लागते. हा बिचारा रिकामाच पडलेला असतो."

"आणि बाबा, हसू नका. वॉशिंग मशीनमधली तुमची पुस्तकं मी पाहिलीत."

हिलमीचं हसू जागच्या जागी विरलं. त्या दिवशी दोघांनी लेकीसमोर कबूल केलं, की आता घरात नवं पुस्तक येणार नाही.

कबूल केलं खरं, पण इन्शिराहला हे वेड लहानपणापासूनचं. तामियाचे वडे ज्या जुन्या वर्तमानपत्रात बांधून यायचे, तो तेलकट कागद ती आधी वाचायची. गोष्ट अर्धवट राहिली, की पुढचा कागद मिळेल या आशेनं पुन्हा तामिया आणायला पळायची. पुढे शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा अर्धा पगार नबी दान्याल रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे जायचा. बंदरात क्रेन चालवणारा हिलमी तिला तिथंच भेटला. त्यानं वाचायला म्हणून तिचं एक पुस्तक नेलं. ती ते मागायला गेली आणि त्याच्याच घरात राहिली.

वसंतातल्या एका सकाळी पुस्तकवाल्या बयूमीचा फोन आला. "बाई, एका कप्तानाचा संग्रह आलाय. समुद्रप्रवासांचा संच, निळ्या कापडाची बांधणी, एकही खंड गहाळ नाही."

इन्शिराहच्या तोंडाला पाणी सुटलं. पायांत चपला सरकवत ती म्हणाली, "मी जरा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते."

"जा, जा, दुखणं अंगावर काढू नये," हिलमी बुटाची नाडी बांधत म्हणाला. "मलाही पेन्शनच्या कचेरीत काम आहे."

एरवी कचेरीला शिव्या देणारा हा माणूस आज इतका खुशीत का, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. ट्राममध्ये ती स्वतःशीच गुणगुणत होती.

बयूमीच्या दुकानाला दोन दारं, एक रस्त्यावर, एक मागच्या गल्लीत. मधे छतापर्यंत पुस्तकांची भिंत. त्यानं पुढच्या दारी तिच्या हातात एक खंड दिला आणि कान खाजवला. "एक अडचण आहे, बाई. मागच्या दारी एक गिऱ्हाईक बसलंय. त्यालाही हाच संच हवाय."

"त्याच्यापेक्षा जास्त देईन."

बयूमी आत गेला आणि लगेच आला. "तो आणखी जास्त देतोय."

"त्याला म्हणावं, कपाटाची शोभा हवी असेल तर फुलदाणी घे!"

बयूमी गेला, आला. "तो म्हणतो, बाईंना वेळ घालवायचा असेल तर विणकाम करावं."

"मेल्याची जीभ बघा! सांग त्याला, हातातली पाटली मोडीन पण संच सोडणार नाही."

या वेळी बयूमी ओठ चावतच परतला. "तो म्हणतो, मी बायको गहाण टाकीन."

इन्शिराह काही बोलणार, तोच भिंतीपलीकडून एकामागून एक शिंका आल्या, आणि प्रत्येक शिंकेनंतर "या रब!" असं कण्हणं. असं शिंकणारा माणूस तिनं आयुष्यभर उशाशी ऐकला होता. ती तरातरा मागच्या दारी गेली.

"पेन्शनची कचेरी इथं हलवली वाटतं?"

हिलमीचा रुमाल नाकावरच राहिला. "आणि... आणि दाताचा डॉक्टर?"

"बायको गहाण टाकतोस?"

"वाचून झाल्यावर सोडवून आणली असती गं!"

ती आधी चिडली, मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग दोघांनी मिळून बयूमीला धरलं आणि अगदी पहिल्या भावाला संच पदरात पाडून घेतला.

घराची लिफ्ट ईदपासून बंद होती. इन्शिराहनं तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून भाजीची टोपली दोरानं खाली सोडली. हिलमीनं खंड भरले, लोकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर मुलूखियाच्या जुड्या पसरल्या. टोपली वर जाताना पहिल्या मजल्याशी आली, तसा शेजारणीचा, नजातचा, हात बाहेर आला आणि पालेभाजीखालून वरचा खंड अलगद घेऊन गेला.

"नजात! ठेव तो, पहिला खंड आहे!" हिलमी खालून ओरडला.

"मग बरंच झालं. मधूनच सुरू केलेलं मला समजत नाही!"

तेवढ्यात कोपऱ्यावर टॅक्सी थांबली आणि शाहिंदा उतरली. उद्या येणार होती, ती आजच आली.

"मुलूखिया आणलीय गं," हिलमी घाईघाईनं म्हणाला.

तिनं वर लटकणाऱ्या टोपलीकडे पाहिलं. "बाबा, मुलूखियाला निळा पुठ्ठा कधीपासून असतो?"

वर इन्शिराहला पुन्हा हसू फुटलं आणि दोर हातातून सरकायला लागला. "शाहिंदा, रागाव नंतर! आधी वर येऊन दोर धर!"

शाहिंदा धापा टाकत वर आली. दोराच्या प्रत्येक हिसक्याला एक बोलणं, असं करत तिनं उरलेले खंड वर घेतले. "लाज नाही! शब्दाची किंमत नाही! आणि हे ठेवणार कुठं?"

"तुझ्या पलंगावर," इन्शिराह हळूच म्हणाली.

"आणि मी?"

"बाल्कनीत वारा छान येतो," हिलमी म्हणाला. शाहिंदानं डोळे वटारले, पण ओठ फितूर झाले आणि ती खो खो हसत दारातच बसली.

पहिल्या खंडाशिवाय दुसरा उघडणं दोघांनाही मंजूर नव्हतं. संध्याकाळी तिघंही नजातच्या दारात उभी राहिली. नजात खंड छातीशी धरून म्हणाली, "देणार नाही. वाचायचा तर इथं बसून, मोठ्यानं वाचा. चहा मी करते."

इन्शिराहनं चष्मा पुसला, घसा साफ केला. पहिल्याच पानावर जहाजानं नांगर उचलला. तिचा आवाज शाळेत असायचा तसा खणखणीत चढला, आणि समोरच्या बाल्कनीतल्या माणसांनी आपापले रेडिओ बंद केले.