वनमालाआत्यांच्या भिंतीतलं रक्त

मुलांनो, कल्पना करा. पण डोळे मिटू नका. पुढे ते उघडेच लागणार आहेत. मुलुंडमधलं एक जुनं कौलारू घर, दोन्ही अंगांना टॉवर. पुढच्या खोलीत चाळीसेक माणसं, चपलांचा ढीग फाटकापर्यंत.

मधोमध धोंडिराम महाराज. त्यांनी गडूतलं पिवळं तीर्थ पांढऱ्या भिंतीवर शिंपडलं. थेंब पडले तिथे भिंत लालभडक झाली.

"पूर्वजांचं रक्त," महाराज म्हणाले. "वास्तू मुक्ती मागते आहे. पौर्णिमेच्या आत पाडा."

महाराजांना सुशांत दलाल घेऊन आला होता. टॉवरच्या कराराचे कागदही तो सोबतच घेऊन आला होता. योगायोग.

घर वनमालाआत्यांचं, त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. जुन्या भिंतीला ऑइलपेंट लावला की ओल आत कोंडते, असं ते सांगत. म्हणून आत्या दरवर्षी गणपतीआधी चुनाच देत. यंदाचा परवाच दिला होता. फक्त स्वयंपाकघरात, फोडणीचे डाग पुसता यावेत म्हणून ऑइलपेंट. इतकी वर्षं त्या बिल्डरांना नाही म्हणत आल्या. आज त्यांनी पेन उचललं.

"आत्या, थांब ना जरा," सहावीतली भाची गंधाली म्हणाली. तिने गडू उचलला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीर्थ शिंपडलं. ते पिवळंच राहिलं.

"तिथे अन्नपूर्णा असते," महाराज म्हणाले. "पूर्वज तिकडे फिरकत नाहीत."

"जेवायलासुद्धा नाही?" शेजारच्या विमलाकाकूंनी विचारलं.

"महाराज, तुमची तंबाखूची डबी द्या ना," गंधाली म्हणाली.

चाळीस माणसं बघत होती. द्यावी लागली. तिने डबीतला चुना बशीत काढून त्यावर तीर्थाचा थेंब टाकला. लाल.

"हे कोणाचे पूर्वज?"

महाराज चपला शोधू लागले. ढीग मोठा होता.

तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, साबणानेही होते. आदल्या दिवशीच गंधालीच्या फ्रॉकवरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल झाला होता. तेव्हा आमटीला मुक्ती द्या, असं कोणी म्हटलं नव्हतं.

मुलांनो, चमत्कार दिसला तर तो दुसऱ्या भिंतीवर, दुसऱ्याच्या हातून होतो का, ते करून पाहा. खऱ्या गोष्टीचं त्यात काही बिघडत नाही.

आत्यांनी कागद सही न करताच परत दिले. गंधालीने उरलेल्या तीर्थात बोट बुडवलं आणि चुन्याच्या भिंतीवर लिहिलं: 'बांधलं १९३६. अजून उभं आहे.' अक्षरं झकास लाल उमटली.