नेहमीचं बोलणं

दुपारी सव्वातीन वाजता संकलकाने आवाजाची पट्टी पुन्हा वर सरकवली. पडद्यावर एक बाई बोलत होती. ऐकू येत होता तो पंखा.

"वाढवलात ना?" शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने विचारलं.

"आवाज वाढवला की पंखाही वाढतो, ताई. पंखा कापायला जावं, तर त्याच्याबरोबर शब्दही सोलून निघतात."

पडद्यावरची बाई तिची आई. शस्त्रक्रियेत तिचं स्वरयंत्र काढलं, त्याला नऊ दिवस झाले होते. त्याआधी रुग्णालयाच्या वाचा-केंद्राने सांगितलं होतं, अर्धा तास बोलणं टिपून ठेवा, म्हणजे बोलक्या यंत्रात तुमचाच आवाज बसवता येईल. नेहमी बोलता तसंच बोला. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ केला. केंद्राने तो परत पाठवला: आवाज फार क्षीण. आज पाचपर्यंत सुधारून मिळाला नाही, तर यंत्रात तयार, परका आवाज बसणार होता.

"एवढ्या हळू का बोलल्या पण?"

"हळू?" मुलगी गोंधळली. "आई अशीच बोलते."

मग तिच्याच लक्षात आलं. वडील एकतीस वर्षं छापखान्यात रात्रपाळीला होते, अजूनही जात. दिवसा ते झोपत आणि घर दबक्या आवाजात चालत असे.

"आमच्याकडे भांडणंसुद्धा कुजबुजत होतात," ती म्हणाली. "चोर शिरला तर तोच वैतागून म्हणेल, जरा मोठ्याने बोला."

मागच्या बाकावर वडील होते. ते हसले नाहीत.

संकलक तुकडा तुकडा घेऊन बसला. एकोणिसाव्या मिनिटाला स्पीकरमधून खोकला आला, खणखणीत. पाठोपाठ पलंग करकरला.

"हे कोण मध्येच?"

"मी," वडील म्हणाले. "आतल्या खोलीत होतो."

मुलगी वळली. "बाबा, तुम्ही झोपला होता ना?"

"दुपारची झोप गेली माझी. तीन-चार वर्षं झाली. नुसता पडून असतो."

"आईला माहीत आहे?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"मग दार उघडून एकदा म्हणायचंत तरी, मोठ्याने बोल म्हणून!"

"मला काय कल्पना," ते म्हणाले. "आत सगळं नीट ऐकू येत होतं."

संकलकाने हेडफोन कानावर चढवले आणि विसावं मिनिट लावलं.

चार वाजून बावन्न मिनिटांनी फाइल गेली. तीस मिनिटांतून स्वच्छ बोलणं निघालं ते सहा मिनिटांचं. केंद्राला किमान वीस लागतात, हे तिघांनाही माहीत होतं. सहाला केंद्र बंद झालं, तोवर उत्तर आलेलं नव्हतं.