कॅनडात दिसेल असा कॅमेरा

सिंधूताईंना कॅमेरा घ्यायचा होता आणि तो मोबाइलमधला नको होता.

"हाताले पट्टा बांधून धरतेत ना, तसा. लग्नातल्यावानी, पन लहान," एवढं बोलून त्या पुन्हा शिलाई मशीनवर वाकल्या.

मी त्यांची जुनी गिऱ्हाईक. बँकेच्या नागपुरातल्या इंदोरा शाखेत नोकरीला लागले तेव्हापासून माझी मापं त्यांच्या ताब्यात आहेत. मापं वाढत गेली, पण त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. गोपनीयतेचा नियम आमच्या बँकेतसुद्धा कोणी इतका पाळला नसेल. म्हणून निवृत्त झाल्यावरही मी महाल भागातून बस धरून ब्लाउज शिवायला त्यांच्याकडेच येते.

"कॅमेरा कशाला हवाय?" मी विचारलं.

"शिकवाचं हाये, यमुताई. ब्लाउज कसा कापाचा ते. दीक्षा म्हणते, जगभरच्या बाया पाहतेत. मारिशस, फिजी," इथे त्या सुईत दोरा ओवायला थांबल्या, "कॅनडा."

दीक्षा म्हणजे त्यांची मुलगी, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. पण मी जन्मभर काउंटरमागे बसून माणसं पाहिली आहेत. मुदतीआधी ठेव मोडायला आलेला माणूस आधी उन्हाबद्दल बोलतो, मग रस्त्याच्या खोदकामाबद्दल, आणि सगळ्यात शेवटी पावती पुढे सरकवतो. मारिशस आणि फिजी हे ऊन आणि खोदकाम होतं. पावती कॅनडाची होती.

कॅनडात कौशल्या होती.

हे दुकान मुळात दोघींचं. सिंधूताई कापायच्या आणि कौशल्या धरायची. धरायची म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ब्लाउजच्या दोन्ही पुढच्या बाजू एकदम कापायच्या तर कापड दुहेरी घालावं लागतं. वरचा पदर कात्रीला दिसतो, खालचा दिसत नाही. साटीन, रेशीम असलं गुळगुळीत कापड असेल तर खालचा पदर गुपचूप सरकतो आणि एक बाजू कमी भरते. म्हणून कौशल्या डावीकडे उभी राहून तळवा दाबून ठेवायची. सिंधूताई मान वर न करता म्हणायच्या, "धर वं." कौशल्या म्हणायची, "धरलंच हाये, तू काप. तुयी कात्री चालते कमी आन् तोंड जास्त." अशोक विजयादशमीच्या आधी पांढऱ्या ब्लाउजांचे ढीग पडायचे. तेव्हा हा संवाद दिवसभर चालायचा आणि बाहेर बाकावर बसलेल्या आम्हा बायकांची करमणूक व्हायची.

मग कौशल्याचा मुलगा अंकुश कॅनडात स्थायिक झाला, त्याला मुलगा झाला, आणि नातू चालायला लागेपर्यंत म्हणून कौशल्या गेली. नातू चालायला लागला. पळायला लागला. आता शाळेत जातो. कौशल्या तिथेच आहे. दुकानात तिच्या जागी लोखंडी इस्त्री आली. सिंधूताई ती कापडावर डावीकडे ठेवतात. इस्त्री बरी धरते, उलट बोलत नाही, आणि तीच अडचण आहे.

आधी दर रविवारी फोन व्हायचा. दोघींचा एक नियम होता, फोन जी ठेवेल तिनं पुढचा करायचा. शेवटच्या वेळी कौशल्यानं ठेवला होता, "पोट्टं रडून राहिलं, मंग करते." ते "मंग" उजाडलंच नाही. सिंधूताईंच्या खात्यात ही बाकी कौशल्याच्या नावावर चढली होती.

"तुम्हीच करा की एकदा," मी म्हणायची.

"मी काहून करू? गेली ते, का मी गेली?"

एवढ्यावर विषय संपायचा. पण त्यांचा मोबाइल मशीनच्या फळीवर पालथा कधी पडलेला मी पाहिला नाही. नेहमी तोंड वर.

आणि म्हणूनच कॅमेरा वेगळा हवा होता. दीक्षानं दोनदा समजावलं, आई, मोबाइलवरच मस्त व्हिडिओ निघतो. सिंधूताई म्हणाल्या, मोबाइलमधला बरा नाही. खरं कारण मला कळलं होतं. मोबाइल चित्रीकरणात गुंतला आणि नेमका तेव्हाच फोन आला तर?

दीक्षाला सुट्टी नव्हती, म्हणून बर्डीच्या बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात त्यांच्यासोबत मी गेले. काउंटरवर अनिश नावाचा तरुण होता, दाढी कोरलेली, बोलणं गोड.

"आंटी, कॅमकॉर्डर आता कोणी घेतच नाही ना. हा घ्या, सगळे यूट्यूबवाले हाच नेतेत." त्यानं एक देखणा काळा कॅमेरा पुढे ठेवला. "बॅकग्राउंड एकदम ब्लर. फक्त तुम्ही दिसान."

"हा कॅनडात दिसन काय?"

"आंटी, व्हिडिओ कुठंबी दिसतो."

"मोठ्या टीव्हीवर? तिकडं घरात मोठा टीव्ही हाये."

"कोणाच्या घरात?"

"सगळ्याइच्याच असते ना गा तिकडं," सिंधूताई म्हणाल्या आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडझाप करू लागल्या.

मग त्यांनी विचारलं की हा थांबल्याशिवाय किती वेळ चालतो. अनिश प्रामाणिक निघाला. उन्हाळ्यात जरा गरम होतो, म्हणाला, मध्येमध्ये बंद करून थंड होऊ द्यावा लागतो.

"नागपुरात राहून याले गरम होते? मंग याले काश्मीरले ठेव."

दुसरा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या कोणीतरी विकायला ठेवलेला. सिंधूताईंनी तो उचलला, लगेच खाली ठेवला आणि म्हणाल्या की यानं कापड नाही, वरात निघन. तिसरा मागच्या कपाटातून आला. छोटा, हाताला पट्टा, बाजूला उघडणारा पडदा. डबा पिवळा पडलेला, पण कॅमेरा नवा. "जुना मॉडल हाये, पन तास न् तास चालते," अनिश म्हणाला. "झूम बी चांगला. माइक लावाची जागा हाये. फक्त आंटी, यात तुम्ही हिरोइन नाही दिसणार."

"मले माहीत हाये मी काय दिसते ते. लाव त्याले."

पिशवीतून त्यांनी कात्री, खडू आणि गुलाबी साटीनचा तुकडा काढला. काउंटरच्या काचेवर कापड दुहेरी पसरलं. अनिशनं कॅमेरा स्टँडवर चढवला. लाल दिवा लागला आणि सिंधूताई एकदम आकाशवाणीसारख्या बोलू लागल्या, "नमस्कार भगिनींनो. आज आपण पाहणार आहोत." पुढे काय पाहणार हे त्यांना आठवेना. मी दुसरीकडे पाहिलं. हसू आलेलं दिसलं असतं तर माझ्या पुढच्या ब्लाउजचा गळा धोक्यात होता.

शेवटी त्यांनी भगिनींचा नाद सोडला आणि खडू उचलला. गळ्याची रेघ आली, मग मुंढ्याची, जिथे बाही बसते. हात कामाला लागल्यावर चेहऱ्यावरची आकाशवाणी गेली. कात्री उघडली, आणि मान खाली ठेवूनच, डावीकडे, त्या म्हणाल्या, "धर वं."

काचेवरून साटीन सुर्रकन सरकलं.

अनिशनं चटकन हात टाकला. "मी धरतो ना, आंटी."

"बोटानं नाही गा, तळव्यानं," त्या सवयीनं म्हणाल्या. मग त्याच्या हाताकडे, त्या हातातल्या जाड कड्याकडे पाहिलं आणि कात्री मिटली. "सोड. राहू दे."

अनिशनं चित्रण मागे नेऊन त्यांना दाखवलं. छोट्या पडद्यावर छोट्या सिंधूताई डावीकडे वळून कोणाशी तरी बोलत होत्या. तिथे रिकामी काच होती, आणि पंख्याची सावली. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. अनिशला वाटलं, गिऱ्हाईक नाराज आहे.

"डावीकडं जागा फुकट चालली ना, आंटी. टाइट करून देतो, फक्त हात येतीन." त्यानं झूम केलं. रिकामी काच गेली. सिंधूताईंचे हात पडदाभर झाले, खडूची पूड लागलेले.

"नको. होता तसाच कर."

"पन तिकडं कोणीच नाही."

"मले माहीत हाये कोनी नाही. तेवढी जागा दिसू दे."

तोच कॅमेरा घेतला. भाव करायचासुद्धा त्या विसरल्या. ओळख झाल्यापासून हे मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून तो भाग मी उरकला.

पहिला व्हिडिओ दुकानातच निघाला. दीक्षानं स्टँड लावला, खाली इंग्रजीत अक्षरं टाकली, आणि एका संध्याकाळी तो जगाच्या हवाली केला, अंकुशलाही पाठवला. इस्त्री चांगली दिसत नाही म्हणून तिनं ती चौकटीबाहेर काढून ठेवली होती. सिंधूताईंनी कापलं, बोलल्या, दोन वेळा "धर वं" म्हणाल्या. दीक्षानं विचारलं, हे कापू का? आईनं नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाही लावून पाहायला दुकानात उभी होते. एक हात बाहीत, एक बाहेर. मोबाइल वाजला. सिंधूताईंनी नाव पाहिलं, पदरानं हात पुसले, आणि वाजू दिला. आणखी वाजू दिला. मग स्पीकर लावला, कारण हातात टाचण्या होत्या. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

"काहून वं सिंधे, डोये फुटले काय तुये?"

कौशल्याचा आवाज तसाच होता, भरडा दळल्यासारखा.

"जयभीम तरी म्हण आधी."

"जयभीम. डावीकडून खालचा पदर सरकला तुया. मी इथून पाहून राहिली, एवढ्या मोठ्या टीव्हीवर. सून म्हणते, आई, ओरडू नका, तिकडं ऐकू जात नाही."

"सरकला काय?"

"सरकला काय म्हणते! कॅनडातून दिसते मले, तुले नाकाखाली दिसत नाही. एक बाजू आखूड येईन ना. कोनी धरत नाही काय तिथं?"

"कोन धरन?"

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"लठ्ठ झाली तू," कौशल्या म्हणाली.

"कॅमेऱ्यात दिसते तशी. तू काय करून राहिली?"

"काय करीन? बर्फ पाहून राहिली. पोट्टं शाळेतून आलं. माह्याशी इंग्रजी बोलते. मी त्याले मराठीत शिव्या देते, तो थँक्यू म्हणते."

दोघी हसल्या. एकीचं हसणं संपायच्या आत दुसरीचं सुरू व्हायचं, तशाच, बाकावर बसून आम्ही ऐकायचो तशा. माझा हात बाहीत अवघडला होता, पण हलण्याची माझी हिंमत झाली नाही.

"फोन काहून नाही केला?" सिंधूताईंनी शेवटी विचारलं.

"मी ठेवला म्हणून मीच करू? तुले बोटं नाहीत काय?"

"नियम हाये ना."

"नियम तिकडचा. इथं रविवार कधी येते तेच समजत नाही वं. समदे दिवस पांढरे." मग ती घाईत म्हणाली, "बरं, ठेवते. आन् ते कापड नीट धर."

परत कधी येणार, हे सिंधूताईंनी विचारलं नाही आणि कौशल्यानं सांगितलं नाही. पण त्या दिवशी माझी बाही उलटी बसवली गेली. माझ्या मापांसारखंच मीही ते गुपित ठेवलं आणि उसवून घ्यायला पुन्हा आले.

दुसरा व्हिडिओ बिनचूक होता. या खेपेला सिंधूताईंनी दीक्षाचं ऐकलं नाही, इस्त्री चौकटीत ठेवली, पदर तसूभर हलला नाही. लोकांनी खूप कौतुक केलं. फिजीतून कोणीतरी लाल बदामाची चित्रं पाठवली. दीक्षा खूश. सिंधूताई दिवसभर एकच शिवण उसवत आणि शिवत बसल्या. फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बिनचूक कामावर बोलण्यासारखं काय असतं?

तिसऱ्या व्हिडिओच्या वेळी मी बाकावर होते. कॅमेरा सुरू झाला. सिंधूताईंनी निळं रेशीम पसरलं, खडू मारला, आणि कात्री घेता घेता डाव्या कोपरानं इस्त्री हळूच बाजूला सारली. अनवधानानं सारल्यासारखी. मी काउंटरवर बनावट सह्या पकडायची. खोटी सही खऱ्या सहीपेक्षा जास्त सावकाश केलेली असते, आणि ते कोपर फारच सावकाश गेलं.

चित्रीकरण आटोपल्यावर मी म्हटलं, "सिंधूताई, जगभरच्या बायका तुमचं पाहून एक बाजू आखूड कापतील. मारिशसच्या बाईनं काय पाप केलंय?"

त्या कापडाचे तुकडे गोळा करत होत्या.

"तिच्यापाशी तिची कोनी असन ना धराले," त्या म्हणाल्या.

व्हिडिओ गेला. सकाळी मी मुद्दाम कामाशिवाय आले, आणि त्यांनी मला कशाला आलात हेही विचारलं नाही. फळीवर मोबाइल, तोंड वर. आम्ही चहा घेतला. कोराडीहून आलेली एक बाई आठवड्यातच लेकीचं लग्न म्हणत पाच ब्लाउज टाकून गेली. दुपार कलली. तिकडे आता मध्यरात्र उलटली असेल, असा हिशेब मी मनात केला. सिंधूताईंनी तो माझ्या आधीच केलेला असणार.

संध्याकाळी दीक्षाचा निरोप आला. मारिशसच्या एका बाईनं लिहिलं होतं, ताई, तुमचा खालचा पदर डावीकडून सरकला आहे, कृपया पाहावं.

सिंधूताईंनी तो निरोप माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "हिले कोनं सांगतलं होतं पाहाले?" त्या चिडून म्हणाल्या. मग कॅमेऱ्याचा पट्टा हातावर चढवला, उघडणारा पडदा उघडला, आणि रिकामं दुकान त्यात पाहत राहिल्या. मशीन, बाक, मी, आणि डावीकडची ती जागा.

"मुंढा चुकला त ते एखाद्या वेळेस सोडून देते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पुढच्या खेपेस गळाच चुकवते. गळा चुकला त तिच्यानं राहावनार नाही."