पासिंगची सकाळ

"दाबला का ब्रेक?" गाडीच्या मागच्या दिव्यावर तळहात टेकवून ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"मघापासून दाबूनच बसलेय," स्टिअरिंगमागून शिवणकाकू म्हणाल्या. "पोटऱ्या भरून आल्या माझ्या."

"मग हा गेलाय. डावा कसा ऊबदार झाला. हा आपला गारच."

चौतीस वर्षं बस चालवलेल्या काकांच्या डोळ्यांना गेल्या दोन वर्षांपासून फक्त उजेड आणि सावली कळायची. पण तळहाताला ऊब कळत होती, आणि तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पासिंगला न्यायची होती. नवराबायको दोघंही न्याहारीपासून घरापुढच्या फरशीवर तिच्यामागे लागली होती.

गाडी सत्तावीस वर्षांची. यंदा पास झाली नाही तर सरळ भंगारात द्या, असं लेकीने फोनवर बजावलं होतं, आणि काका लगेच 'बरं' म्हणाले होते. ते 'बरं' काकूंच्या जिव्हारी लागलं. डोळे गेले तेव्हासुद्धा हा माणूस एवढ्या चटकन 'बरं' म्हणाला नव्हता. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी शिवणयंत्रावर झाकण घातलं, गिऱ्हाइकांना दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि पदर खोचला.

एके काळी काका त्यांना बॉनेटला हातही लावू देत नसत. नजर अधू व्हायला लागली तेव्हा मात्र त्यांनीच काकूंना मोकळ्या मैदानावर नेऊन गाडी शिकवली. काकू तेव्हा साठीला टेकलेल्या. शिकताना दोघं इतकी भांडली, की संसारात भांडायची राहून गेलेली सगळी भांडणं त्या मैदानावर उरकली.

काकूंनी बल्ब काढून दिला. काकांनी तो कानाशी धरून हलवला. आत तुटलेली तार बारीक किणकिणली, तसे ते खुशीत हसले. नवा बसवून झाल्यावर त्यांनी पुन्हा तळहात टेकवला आणि मान डोलावली.

मग सीटबेल्ट. पट्ट्याची कड उसवलेली होती. काकूंनी जाड सुईत दोरा ओवलासुद्धा. शिवलेला पट्टा चालत नाही, नवाच लागतो, असं काका म्हणाले तेव्हा काकूंना हा आपल्या उभ्या हयातीचा अपमान वाटला. आपण घातलेल्या टाक्याशेजारी कापड फाटेल, पण टाका निघणार नाही, हे त्यांनी नाना परींनी पटवून पाहिलं. शेवटी दुकानातून नवा पट्टा आणून त्यांनीच बसवला. जुना फेकतील तर त्या काकू कसल्या! संध्याकाळपर्यंत बाजाराच्या पिशवीला त्याचे दोन मजबूत बंद लागले होते.

सर्वांत शेवटी इंजिन. काका बॉनेटवर ओणवून ऐकत राहिले. मध्येच एक ठोका गिळला जातोय, म्हणाले. काकूंना तर नुसती घरघर ऐकू येत होती. त्यांनी इंजिन बंद केलं, थोडं निवू दिलं आणि काकांच्या बोटाच्या इशाऱ्यावर तिसरा प्लग काढला. तो चुलीतून काढल्यासारखा काळाकुट्ट. पॉलिश पेपरने घासून परत लावला, किल्ली फिरवली. आता काकूंनाही फरक कळला. मशीनमध्ये तेल घातल्यावर चाक कसं हलकं फिरतं, तशी ती चालत होती.

"तुला यातलं कळायला लागलं," काका म्हणाले.

"उशिरा का होईना," काकू म्हणाल्या. दिवसभर तोंडावरचं हसू त्यांना आवरता आलं नव्हतं, ते आता त्यांनी आवरायचं सोडून दिलं.

सकाळी रांगेत आपला नंबर आल्यावर दोघं गाडीबाहेर उभी राहिली. तपासनीस तरुण होता आणि आधीच कंटाळलेला. गाडीचं वय वाचून त्याच्या कपाळावर आठी आली. पण दिवे पाहिले, टायर पाहिले, खाली वाकून तळ पाहिला, तशी ती आठी विरत गेली. कुठल्या गॅरेजात काम केलं, असं त्याने विचारलं.

"घरीच," काका म्हणाले. "हात हिचे."

"आता ब्रेक बघू. ड्रायव्हर, गाडी पुढे घ्या."

त्या हाकेसरशी काकांची पावलं आपोआप निघाली. चाचपडत हात ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीवर पडला, आणि तिथेच थांबला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी दार पूर्ण उघडलं आणि ते धरून बाजूला उभे राहिले.

आयुष्यभर 'अगं' म्हणणारा माणूस म्हणाला, "बसा, ड्रायव्हर."

काकू बसल्या. ब्रेक करकचून लागले. कागदावर शिक्का पडला, तसा काकांनी तो मागून घेतला आणि शाई वाळलीय का ते बोटाने पाहिलं.

परतताना काका लेकीला काय काय सुनवायचं ते ठरवत होते. बोलता बोलता ते गप्प झाले. काकूंनी वळून पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की या माणसाचा पाय सतत पुढे ब्रेक शोधत राहायचा. डुलकी तर कधीच नाही. आज दोन्ही पाय सैल पडले होते आणि तोंड किंचित उघडं होतं.

घराचं वळण आलं. काकूंनी गाडी वळवली नाही. वेग थोडा कमी केला आणि सरळ पुढे गेल्या.