जवसाच्या तेलाने माखलेला माझा माथा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण थांबा, शाळेतला नव्हे! मी सुतारकामाच्या टेबलाचा फळा. परभणीजवळच्या झरी गावात नागनाथ मिस्त्रींच्या दुकानात चार पायांवर पसरून बसलेला, बाभळीचा, चार बोटे जाड आणि अंगाने तांबूस. जी वस्तू घडायची ती आधी माझ्या पाठीवर झोपते आणि मग गावात मिरवते. गावातली निम्मी दारे-खिडक्या माझ्याच अंगाखांद्यावर वाढली आहेत, हे मी अजिबात न लाजता सांगतो.

नागनाथ मिस्त्रींनी मला घडवले तेव्हा मी आरशासारखा सपाट होतो. पुढे बत्तीस वर्षे ठोके खाल्ले, करवतीचे ओरखडे सोसले, सांडलेला गोंद प्यायलो. दोन वर्षांपूर्वी मिस्त्री मोटारसायकलवरून पडले आणि त्यांच्या उजव्या मनगटात त्राण उरले नाही. दुकान बंद पडले. माझ्या अंगावर सिमेंटच्या गोण्या आल्या, वर कोंबडी अंडी घालू लागली. कोंबडीबद्दल माझी तक्रार नाही, पण तो काळ काही माझ्या मानाचा नव्हता.

आणि मग रेणुका आली! रेणुका म्हणजे मिस्त्रींची थोरली लेक. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून परभणीला एका कारखान्यात चार वर्षे काम केलेली. तिने गोण्या उतरवल्या, कोंबडीला हुसकले आणि वडिलांना सांगितले, "अण्णा, दुकान मी चालवते."

मिस्त्री म्हणाले, "माय, तुला काम येतं ते मला ठाव हाय. पर गिऱ्हाईक बाईच्या हातात काम देत न्हाई. धम्मानंद गुरुजीचा पाळणा आलाय. तेवढा एक टायमाला आन् बिनडागाचा करून दाव. जमलं तर दुकान तुझं. न्हाई जमलं तर दिवाळीला कुलूप लावू."

ऐकलेत ना? एका पाळण्यावर सगळे दुकान! आणि त्यात मीही आलोच. कुलूप लागले असते तर माझी जळणाशिवाय दुसरी गत नव्हती.

धम्मानंद गुरुजी गावच्याच शाळेत शिकवतात. त्यांच्या नातीचा नामकरण समारंभ दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ठरला होता. पाळणा शिवणीच्या लाकडाचा हवा होता. शिवण फार गोरे लाकूड, दुधावरच्या सायीसारखे. त्याला रंग नको, कारण बाळ काठाला तोंड लावते. आणि उशाच्या फळीवर पिंपळाचे एक पान कोरायचे होते.

एवढ्या गोऱ्या लाकडाला माझ्या मळकट पाठीवर कसे झोपवायचे? म्हणून रेणुकाने आधी मलाच हातात घेतले. रंधा फिरला आणि बत्तीस वर्षांची खपली साप कात टाकतो तशी निघाली. पण उघडे लाकूड तसेच ठेवले तर गोंद पिते, पाणी पिते. माझ्या अंगाला काय लावायचे, यावरून घरात मोठा वाद रंगला. मला तर लग्नाआधी नवरदेवाला होते तसे होत होते!

"वार्निश मार," मिस्त्री म्हणाले. "लय चमकतंय."

रेणुकाने वाद घातला नाही. तिने मला उलटे केले आणि पोटावर तीन पट्टे ओढले. एक वार्निशचा, एक लाखेच्या पॉलिशचा, एक जवसाच्या तेलाचा. पट्टे वाळल्यावर परीक्षा सुरू झाली. वार्निशवर फळी ठेवून रंधा मारला तर फळी सुळकन घसरून थेट भिंतीला! लाखेवर चहाचा गरम पेला ठेवला तर पांढरे कडे उमटले. मग तेलावर गोंद सांडला. वाळल्यावर रेणुकाने नख लावले आणि गोंदाची पापडी टक् करून उडाली. मी मनात टाळ्या पिटल्या.

रेणुकाची आई पंचफुलाबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "जवसाचं तेल टेबलाला? हितं चटणीला पुरत न्हाई!"

"आई, खायचं न्हाई हे. घाण्यावरचं कच्चं तेल लावलं तर महिना महिना चिकट राहतंय. हे उकळून तयार केलेलं, रंगाच्या दुकानातलं हाय. लवकर वाळतंय."

मग माझी मालिश झाली. पहिल्या हाताला तिने तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळले, म्हणजे ते खोल मुरते. फडक्याने पातळ लावायचे, पाव तास थांबायचे आणि वर राहिलेले सगळे पुसून काढायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाची फडकी तिने चुरगाळून कोपऱ्यात टाकली नाहीत, तारेवर एकेक पसरून वाळवली. अशी फडकी ढिगाने पडली की आतल्या आत तापून पेट घेतात, हे तिने आईला दोनदा बजावले. तिसऱ्या हातानंतर माझा रंग असा खुलला की मी स्वतःलाच ओळखेना.

"आता आठ दिवस याच्यावर काय पण ठेवायचं न्हाई," असे सांगून रेणुका जमिनीवर चटई टाकून पाळण्याचे सुटे भाग घडवायला आणि पान कोरायला बसली.

पाचव्या दिवशी खंडेनवमी आली. रेणुका पाळण्याच्या कड्या आणायला परभणीला गेली होती. मिस्त्रींनी आंघोळ केली, रंधे, पटाशा, करवती धुऊन पुसून मांडल्या. सुताराच्या घरात या दिवशी हत्यारांची पूजा चुकत नाही. दोन वर्षे त्यांनी ती बंद दुकानात केली होती. यंदा दुकान उघडे होते. ते माझ्याजवळ आले, डाव्या हाताने माझी पाठ कुरवाळली आणि मूठभर हळद, मूठभर कुंकू माझ्यावर वाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

मित्रांनो, मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! पण माझे तेल अजून ओले होते. हळद-कुंकू हळूहळू माझ्या अंगात उतरू लागले. संध्याकाळी मिस्त्रींना लेकीची ताकीद आठवली. त्यांनी मला फडक्याने लख्ख पुसले. मी मूळचाच तांबूस, त्यामुळे वरून काही दिसेना. मला सगळे कळत होते, पण फळ्याला तोंड कुठे असते?

आठ दिवस भरले. रेणुकाने कोरलेली फळी घेतली, शेवटची घासाई नितळ व्हावी म्हणून तिच्यावर ओले फडके फिरवले, पान खाली करून माझ्यावर ठेवली आणि शिकंज्यात घट्ट आवळून मागची बाजू घासली. फळी उलटली तेव्हा ओल्या लाकडाने माझ्या अंगातले हळद-कुंकू ओढून घेतले होते आणि पिंपळपानाच्या शिरा-शिरांत लाल-पिवळा डाग भरला होता.

रेणुकाने घासून पाहिले, खरवडून पाहिले. डाग कोरीव कामात खोल गेला होता. रविवारला तीन दिवस उरले होते.

"माझंच तेल चुकलं, अण्णा," ती म्हणाली. "टेबलाचा रंग सुटलाय. तुमी म्हणत होतात वार्निश मार. माझा हट्ट नडला."

मिस्त्री दारात उभे होते. ते गप्प राहिले असते तर कुणाला काही कळले नसते. दिवाळीला कुलूप लागले असते आणि दोष जवसाच्या तेलावर गेला असता. माझा जीव टांगणीला लागला होता.

मिस्त्री आत आले. "तेल न्हाई चुकलं, माय. नवमीला मी याच्यावर हळद-कुंकू वाहिलं. तुला कळू नये म्हणून पुसलं. चूक माझी हाय."

रेणुकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. रागावली असावी, पण तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "अण्णा, रंधा द्या."

रंध्याने माझ्या अंगावरचे कुंकू सोलून काढले. दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. पुन्हा तेल लावायला वेळ नव्हता, म्हणून मी कोराच कामाला लागलो. शिवणीची एकच फळी शिल्लक होती. रेणुका कोरायला बसली. मिस्त्रींनी स्टूल ओढले, डाव्या हाताने फळी दाबून धरली आणि तीन दिवस ती सोडली नाही. "अण्णा, जरा डावीकडं," ती म्हणायची आणि ते वळवायचे. ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचे ऐकले नाही, ते मिस्त्री लेकीच्या शब्दावर हलत होते!

रविवारी सकाळी गुरुजी टेम्पो घेऊन आले. पाळण्याभोवती दोनदा फिरले, खाली वाकले आणि पिंपळपानाच्या शिरांवरून हळूच बोट फिरवले. त्यांचा चेहरा उजळला.

"मिस्त्री, मनगट बरं झालं म्हणायचं की तुमचं. लय सुरेख कोरलंत."

मिस्त्रींनी बाजूला सरून रेणुकाला वाट करून दिली.

"मी नुसती फळी धरली होती, गुरुजी. मिस्त्री त्या हायत. पुढचं काम असलं तर त्यांच्याशी बोला."

एवढ्या वर्षांत मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाला मिस्त्री म्हटलेले मी ऐकले नव्हते. आणि लेकीला "त्या"! रेणुका एकदम गुरुजींकडे पाठ करून उगीचच माझ्यावरचा भुसा झटकू लागली. दोन थेंब माझ्या कोऱ्या पाठीवर पडले, ते मी चटकन पिऊन टाकले.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे लाकडी टेबल किंवा पाट असेल, तर वर्षातून एकदा त्याला तेलाचा पातळ हात द्या, उरलेले पुसा आणि ते वाळेपर्यंत दम धरा. हातून चूक झाली, तर ती पुसून लपवू नका. ज्याचे काम बिघडले त्याला जाऊन सांगा. वेळेवर कळले, तर दुसरी फळी कोरता येते.