एका बटणाची होडी

"आपटली," युवराज म्हणाला.

स्क्रीनवरची होडी बुडालेल्या बाभळीच्या बुंध्याला धडकून कलंडली होती. पाण्यावर नुसती वलयं उरली होती.

"परत."

त्याची जीभ जड झाली होती. शब्द घशातून ओढून काढल्यासारखे यायचे आणि नवख्या माणसाला त्यातला एकही कळला नसता. पण राजेश्वरी त्याची थोरली बहीण होती. तिनं लॅपटॉपची कळ दाबली, होडी पुन्हा अलीकडच्या काठाला लागली. खाटेवर उशांच्या आधारानं बसवलेल्या भावाच्या उजव्या हाताखाली तिनं ते लाल बटण नीट सरकवलं. डब्याच्या झाकणाएवढं ते बटण तिनंच जुना माऊस फोडून, तारा जोडून बनवलं होतं.

खेळ साधा होता. होडीच्या टोकाशी एक बाण आपोआप डावीकडून उजवीकडे फिरायचा. बटण दाबलं की बाण असेल त्या दिशेला होडी वळायची. धुकं, वारा, पाण्याखालचे बुंधे, मधेच डोकं काढलेलं जुन्या देवळाचं शिखर, हे सगळं चुकवत पलीकडच्या काठाला जायचं. पाणी उजनी धरणाचं होतं, पळसदेव गावापाशीचं. दोघं बहीणभाऊ त्याच काठावर वाढलेली.

"पानी झकास झालंय," युवराज म्हणाला. "बाकी भंगार. ते काय हाय, कोंबड्या?"

"रोहित पक्षी हायत ते."

"मग पाय दे की त्येन्ला."

राजेश्वरी हसली. चित्रं काढायला तिला कधीच जमलं नाही, आणि ते तोंडावर सांगणारा हा एकच माणूस होता. एमआयडीसीतल्या दूध प्लांटच्या लॅबमध्ये ती दूध तपासायची. संध्याकाळी घरी आली की गेम करत बसायची. तिच्या नवऱ्याला ते कधी पटलं नाही. "बाई माणूस आणि खेळणी काय करते," असं म्हणत म्हणत तो एक दिवस वेगळा झाला. तिचे गेम इंटरनेटवर फुकट असायचे. कुठल्याकुठल्या देशातली दोन-चार माणसं खेळून जायची. एकानं लिहिलं होतं, फार संथ आहे. ती रागावली नव्हती, कारण ते खरं होतं.

प्लांटच्या कँटीनमध्ये पॅकिंगचा रणजित मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळायचा. "मॅडम, असलं कायतरी करा की. लोक पैशे टाकत्यात ह्येच्यात," तो म्हणायचा.

"हा गेम नाही रे, दुकान आहे," ती म्हणायची. "तू हरलास की त्याचा गल्ला भरतो. तुला हरवायचं कधी आणि जिंकू द्यायचं कधी, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. गेमनं माणसाला फसवू नये. हरला तर का हरला ते त्याला कळावं, आणि तरी परत बसावंसं वाटावं. तेवढंच अवघड असतं. बाकी सगळं गुगलवर मिळतं."

हे ती शिकली होती ती युवराजकडूनच. लहानपणी वडिलांनी इंदापूरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. कॅसेटमध्ये फुंकर मारून ती आत दाबायची आणि अख्खी आळी टीव्हीसमोर. कुणीतरी जादा जीव मिळवायची युक्ती शोधून काढली, तेव्हा युवराजनं त्याच्या हातातला रिमोट हिसकावून घेतला होता. "मरायचंच न्हाय तर खेळतूस कशाला? गप बघत बस."

मोठा होऊन तो ऊसतोडणीच्या हार्वेस्टरवर ऑपरेटर झाला. काचेच्या केबिनमध्ये बसून, हातात दांडे घेऊन सगळा फड कापत निघायचा. "ह्यो खरा गेम, आक्का," म्हणायचा. मग एका हंगामात डाव्या हातातून दांडा निसटायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. हालचालीच्या नसा एकेक करून मरत जातात; डोकं शाबूत राहतं, नजर शाबूत राहते, बाकी सगळं जातं. औषध नाही. दवाखाना जवळ असावा म्हणून राजेश्वरीनं त्याला आणि त्याच्या बायकोला, सुप्रियाला, बारामतीला आपल्या दोन खोल्यांत आणलं.

इथं आल्यावर त्यानं एकच मागितलं. "पळसदेव कर. मी खेळतो."

पहिल्यांदा त्या गेमला दोन हात लागायचे. मग डावा हात गेला, तिनं तो एका हाताचा केला. मग बोटं वाकेनात, तेव्हा एका बटणाचा. दर वेळी प्लांटमधून येऊन ती बसायची आणि त्याच्या अंगातून जे गेलं असेल ते गेममधून काढून टाकायची. हे काम करताना तिला कधीकधी इतकी भीती वाटायची की ती उठून न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारायची. आता काढायला फारसं काही उरलं नव्हतं.

हिवाळा संपता संपता त्याला गिळता येईना. पेजसुद्धा ठसक्यानं बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी बसवून घ्या, छोटं ऑपरेशन आहे, तेवढीच ताकद राहील. युवराज नाही म्हणाला. सुप्रिया पाया पडली, तरी नाही.

"नळी लावून काय करू? कुंडीतलं झाड हाय का मी?"

मग एका रविवारी, होडी पुन्हा एकदा शिखराला धडकल्यावर, तो राजेश्वरीकडे बघून म्हणाला, "पलीकडं गेलो तर लावू नळी."

"खरं?"

"खरं. पर माझा मी गेलो पायजे."

तो रोज खेळायचा आणि रोज बुडायचा. बटण उशिरा दाबलं जायचं. दिसायचं त्याला सगळं, कळायचं सगळं, पण डोक्यातून निघालेली आज्ञा बोटापर्यंत पोचेस्तोवर बाण पुढं निघून गेलेला असायचा. गालफडं आत गेली. सुप्रिया त्याला कुशीवर वळवायची तेव्हा पाठीचे मणके सदऱ्यातून दिसायचे.

एका संध्याकाळी राजेश्वरी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. सुप्रिया मागं येऊन उभी राहिली.

"ताई, तुमीच केलाय न्हवं त्यो गेम?"

"व्हय."

"मग त्येन्ला जाऊ द्या की पलीकडं."

राजेश्वरीनं नळ बंद केला. "तसं करता येत न्हाय, सुप्रिया."

"येतंय. मला त्यातलं कळत न्हाय, पर तुमी केलंय म्हंजी येतंय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "काल त्येन्ला अंघोळ घालताना एका हातानं उचललं मी. एका हातानं, ताई. हार्वेस्टरवर चढताना मलाच हात द्यायचं ते. तुमचा गेम खरा ऱ्हाऊन मला काय करायचाय?"

गेमनं माणसाला फसवू नये, हे वाक्य राजेश्वरीच्या तोंडापर्यंत आलं आणि स्वतःच्याच कानाला ते इतकं पोकळ वाटलं की तिनं ते गिळलं. युवराजचा डोळा लागला होता. ती लॅपटॉप घेऊन ओट्याशीच बसली. फार काही करावं लागलं नाही. होडी कशाच्या जवळ गेली की वारा हलकेच तिला बाजूला ढकलेल, एवढंच. कुणाच्या लक्षातही येणार नाही असं. काम झालं तेव्हा तिच्या हाताला साबणाचा फेस तसाच वाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी युवराज पलीकडे पोचला.

होडी काठाला लागली, रोहित पक्षी उडाले. सुप्रियानं तोंडावर पदर धरला आणि रडता रडता हसायला लागली. "गेलासा! अवं, गेलासा तुमी!" तिनं लगेच दवाखान्यात फोन लावून वेळ घेतली. शेजारच्या छबूबाईला हाक मारून सांगितलं. राजेश्वरीही हसत होती. युवराज मात्र स्क्रीनकडे बघत होता, उडून गेलेल्या पक्ष्यांच्या मागची रिकामी जागा बघावी तसा.

"उद्या परत लाव," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं लावला. सुप्रिया खाटेच्या कडेला बसली होती. होडी निघाली. बाण डावीकडे गेला, उजवीकडे आला. युवराजनं दाबलं नाही. बुंधा समोर आला, तरी दाबलं नाही. होडी आपसूक बाजूला सरकली. शिखर आलं. त्याचा हात बटणावर तसाच पडून होता आणि तो स्क्रीनकडे नाही, राजेश्वरीकडे बघत होता. होडी शिखराला वळसा घालून सावकाश पलीकडच्या काठाला लागली. पक्षी उडाले.

बाहेर एमआयडीसीची शिफ्ट सुटलेल्या लोकांच्या मोटरसायकली जात होत्या.

"मी न्हवतो खेळत," युवराज म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याला दम घ्यावा लागत होता. "तू खेळत हुतीस."

"मीच सांगितलं ताईन्ला," सुप्रिया म्हणाली. "मला काय बोलायचं ते बोला."

त्यानं नजर राजेश्वरीवरून हलवली नाही. "आक्का," तो म्हणाला, "समदं गेलं. हात गेलं, पाय गेलं. हरायचं तेवढं माझं हुतं. त्ये बी घेतलंस."

रडावं असं राजेश्वरीला वाटलं नाही; लाज वाटली, आणि लाजेखाली रागही होता. त्याचा, आजाराचा, आपल्या हातांचा. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, तो त्याच्या डोळ्यांसमोर येईल असा वळवला, आणि परवा लिहिलेल्या ओळी एकेक करून पुसल्या. पुसताना त्याला दाखवत गेली. "हे बघ. ह्येबी गेलं. आता काय न्हाय ऱ्हायलं."

"लाव."

तिनं लावला. पहिल्याच बुंध्याला होडी आपटली.

युवराजच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. तो अजून तेवढा हलायचा. "हां," तो म्हणाला. "आता कसं." मग त्यानं डोळे मिटले. त्यांना वाटलं, झोपला. पण तो म्हणाला, "सुप्रिया, जाऊ दवाखान्यात."

"आं?"

"अजून पोचलो न्हाय न्हवं मी. येळ लागंल."

वेळ घेतलेलीच होती. त्यांनी त्याला रिक्षानं नेलं, सुप्रियानं मागच्या सीटवर मांडीशी धरून. डॉक्टरांनी त्याला यंत्रात फुंकायला लावलं, आकडे बघितले, पुन्हा फुंकायला लावलं. मग राजेश्वरीला बाहेर बोलावलं.

"श्वास फार खाली आलाय," ते म्हणाले. "आता भूल देऊन नळी बसवणं धोक्याचं आहे. टेबलावरच काही होईल. दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर..." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "नाकातून बारीक नळी घालून देतो. घरी न्या. जेवढं होईल तेवढं."

सुप्रिया दारात उभी राहून ऐकत होती. ती भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. राजेश्वरी तिच्याशेजारी फरशीवर बसली. येणारी-जाणारी माणसं त्यांच्या पायांना वळसा घालून जात होती.

नाकातल्या नळीनं काही दिवस दिले. त्या दिवसांत आवाज गेला. मग एका सकाळी बटणावरचं बोटही हललं नाही. राजेश्वरीनं रजा टाकली होती. ती खाटेशी बसली, बटण स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"डोळं मिटलंस की मी दाबते," ती म्हणाली. "तू मिटशील तवाच. चालंल?"

त्यानं पापण्या मिटून उघडल्या.

होडी निघाली. धुक्यातून पहिला बुंधा आला. युवराजनं पापण्या मिटल्या, तिनं दाबलं, होडी वळली. दुसरा बुंधा. पापण्या मिटल्या, दाबलं. सुप्रिया मागं येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात नळीतून द्यायच्या पेजेची पिचकारी होती. वाऱ्याच्या मदतीशिवाय होडी कित्येक दिवसांत गेली नव्हती इतकी आत आली. पलीकडचा काठ धुक्यातून हिरवा दिसायला लागला. मग डावीकडून शिखर वर आलं, थेट समोर.

बाण उजवीकडे गेला. हीच वेळ होती. राजेश्वरीनं भावाकडे बघितलं. त्याचे डोळे स्क्रीनवर होते, टक्क उघडे. बाण डावीकडे परतला, पुन्हा उजवीकडे आला.

"ताई," सुप्रिया पुटपुटली.

राजेश्वरीचं बोट बटणावर होतं. तो मिटेल तेव्हाच, असं ठरलं होतं; तिनं ते हलू दिलं नाही. ती त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली, आणि होडी शिखराकडे सरळ जात राहिली.